प्रश्नपेटी : कांचनजुंगाच्या माथ्यावर रेघ कुणी ओढली?

मागच्या अंकात पूर्व हिमालयाबद्दल लिहिताना मी कांचनजुंगाला एकच ओळ दिली होती : ‘भारत आणि नेपाळच्या सीमेवरचं, जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर.’ त्या ओळीवर इतकी पत्रं आली की मंगळवार पेठेतल्या आमच्या पोस्टमनने विचारलं, ‘बाई, इलेक्शनला उभ्या राहिलाय का?’ निम्मी पत्रं माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांची आहेत. वर्गात नकाशा लावला की खिडकीबाहेर बघणारी ही मंडळी. भूगोलाचे प्रश्न यांना आता, चाळिशीत पडायला लागले आहेत. असो, पडले हेच खूप. निवडक पत्रांना उत्तरं देते.

बाई, आमच्या अभ्यासिकेत दोन दिवस भांडण चाललंय. भारतातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? एक पुस्तक म्हणतं के-टू, दुसरं कांचनजुंगा, तिसरं नंदादेवी. कांचनजुंगाची उंचीसुद्धा कुठे ८,५८६ मीटर, तर कुठे ८,५९८. पेपरात लिहायचं काय?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, राजारामपुरी

तिन्ही पुस्तकं बरोबर आहेत, कारण ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तुम्ही मुलं पर्याय आधी वाचता आणि प्रश्न नंतर, त्यामुळे ही भांडणं होतात.

के-टू ८,६११ मीटर. ते गिलगिट-बाल्टिस्तानच्या टोकाला आहे. हा प्रदेश आपण आपला मानतो, पण ताबा पाकिस्तानचा आहे. पाकिस्तानने १९६३ मध्ये चीनशी सीमाकरार केला, त्यातली रेघ के-टूच्या माथ्यावरून जाते. तो करार भारताने मान्य केलेला नाही. आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे प्रश्न असेल तर उत्तर के-टू. जिथे प्रत्यक्ष भारताचा कारभार चालतो अशा भूमीवरचं सर्वोच्च शिखर विचारलं तर कांचनजुंगा, पण त्यात नेपाळचा वाटा आहे. ‘संपूर्णपणे भारताच्या हद्दीत’ हे शब्द प्रश्नात असतील तर उत्तराखंडातली नंदादेवी, ७,८१६ मीटर. प्रश्नातल्या विशेषणाखाली पेन्सिलीने रेघ मारा, भांडण मिटेल.

आता उंची. आज सर्वत्र मान्य असलेला आकडा ८,५८६ आहे. ८,५९८ हा जुना आकडा आपल्याकडच्या पुस्तकांत एकावरून दुसऱ्यात उतरत राहिला. जुन्या इंग्रजी पुस्तकांत २८,१४६ फूट सापडेल, तो आणखी वेगळा. म्हणजे शिखर वर-खाली होत होतं असं नाही. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षणवाले लांबून थिओडोलाइट लावून कोन मोजायचे आणि कोनांवरून उंची काढायचे. दार्जिलिंगहून कांचनजुंगा सत्तरेक किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच दिसतं. किती वाकतो ते तापमानावर ठरतं, सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं. त्यात भर म्हणजे हिमालयाचं वस्तुमान इतकं आहे की ओळंबासुद्धा त्याच्याकडे किंचित ओढला जातो, त्यामुळे ‘सरळ खाली’ म्हणजे कुठे, इथूनच गणित सुरू होतं. समुद्रसपाटी डोंगराखाली कुठे धरायची हा पुढचा प्रश्न, आणि माथ्यावरचा बर्फ मोजायचा की फक्त खडक, हा त्याच्याही पुढचा.

एके काळी कांचनजुंगालाच जगातलं सर्वांत उंच शिखर समजत होते. सर्वेक्षण खात्यातले बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून ‘शिखर क्रमांक १५’ त्याच्या वर निघालं. १८५६ मध्ये ते जाहीर झालं, आणि त्याला नाव मिळालं ते खात्याचे माजी प्रमुख एव्हरेस्ट या साहेबाचं, सिकदारांचं नव्हे. हा विषय निघाला की मला अजून राग येतो. एव्हरेस्टचा आजचा आकडा, ८,८४८.८६ मीटर, नेपाळ आणि चीनने ८ डिसेंबर २०२० रोजी एकत्र जाहीर केला. त्याआधी चीन खडकाची उंची ८,८४४.४३ सांगत होता आणि नेपाळ बर्फासकट ८,८४८. डोंगर एक, मालक दोन आणि उंच्याही दोन. मग नेपाळचे मोजणीदार २०१९ मध्ये आणि चीनचे २०२० मध्ये उपग्रहाची यंत्रं घेऊन माथ्यावर गेले, तेव्हा आकडा एक झाला.

बाई, आमचा आणि चुलतभावाचा बांधावरनं दावा चालू आहे. तीनदा मोजणी आणली, तीनदा खुणा हलल्या. मग एवढ्या बर्फात दोन देशांनी हद्द कायम केली कशी? मोजणीदार कोण गेला होता वर? आणि खांब नेमका कुठं पुरलाय?
— एक शेतकरी, सेनापती कापशी

पाव्हणं, तुमच्या दाव्यात मी पडत नाही. पण प्रश्न नामी विचारलात.

माथ्यावर खांब नाही. तिथे खांब पुरायला कुणी गेलं नाही आणि गरजही नाही, कारण तिथली हद्द पाण्यानेच ठरवलेली आहे. तुम्ही गगनबावड्याला गेला असाल. तिथे घाटमाथ्यावर पाऊस पडतो, त्यातलं पश्चिमेच्या उतारावरचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेच्या उतारावरचं कुंभीत येतं, कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि पार आंध्रातून बंगालच्या उपसागरात. पाणी जिथे दोन बाजूंना फुटतं त्या धारेला पाणलोटाची रेषा म्हणतात. मोठ्या डोंगररांगेत देशांच्या हद्दी बहुधा याच रेषेवर ठरतात. पूर्वेला भारत-नेपाळची सीमा सिंगालीला नावाच्या धारेवरून उत्तरेला चढत जाते आणि कांचनजुंगाच्या माथ्यावरून पुढे सरकते.

ही वाटणी कुणी केली? गोरख्यांनी सिक्कीमचा पश्चिम भाग आधी गिळला होता. १८१४ ते १८१६ मध्ये त्यांचं कंपनी सरकारशी युद्ध झालं, ते हरले आणि सुगौलीचा तह झाला. त्यात नेपाळची पूर्वेची हद्द मेची नदीवर आली. पुढे १८१७ च्या तितलियाच्या तहाने कंपनीने मेची आणि तिस्ता यांच्यामधला मुलूख सिक्कीमच्या राजाला परत दिला. म्हणजे ही रेघ भारत नावाच्या प्रजासत्ताकापेक्षा कितीतरी जुनी आहे. एवढंच नाही, १६ मे १९७५ ला सिक्कीम भारतात आलं, तोवर ही सीमा नेपाळ आणि सिक्कीम यांची होती. पुढच्या पत्राच्या उत्तरासाठी हे लक्षात ठेवा.

हिस्सेवाटणीच बघायची तर कांचनजुंगा हे एक टोक नाही, पाच आहेत. मुख्य, मधलं आणि दक्षिणेचं अशी तीन टोकं सीमेवर आहेत. यालुंग कांग (८,५०५ मीटर) आणि कांगबाचेन (७,९०३ मीटर) ही दोन पूर्णपणे नेपाळच्या ताप्लेजुंग जिल्ह्यात. वाटणीत नेपाळला जास्त गेलं म्हणून तुम्ही लगेच हरकत घ्याल, पण पूर्वेला सिक्कीमच्या बाजूला झेमू हिमनदी आली, चांगली सव्वीस किलोमीटर लांब.

पाण्याचं पुढे काय होतं ते मात्र मला फार आवडतं. पूर्वेच्या झेमू आणि तालुंग हिमनद्यांचं पाणी तिस्तेत जातं आणि तिस्ता बांगलादेशात ब्रह्मपुत्रेला मिळते. पश्चिमेच्या यालुंग आणि कांचनजुंगा हिमनद्यांचं पाणी तामोर नदीत, तामोर कोसीत, कोसी बिहारमध्ये गंगेत. गंगा पद्मा होऊन बांगलादेशात शिरते आणि गोआलंदोजवळ ब्रह्मपुत्रेचा प्रवाह तिला येऊन मिळतो. माथ्यावर दोन देशांनी वाटून घेतलेलं पाणी तिसऱ्याच देशात एकत्र नांदतं.

खांब खाली आहेत. सिंगालीलाच्या धारेवर संदकफूच्या वाटेने चालताना सीमेचे खांब दिसतात. ती वाट कधी या देशात तर कधी त्या. तुमलिंगला तुम्ही चहा पिता तो नेपाळात. १,७५१ किलोमीटरची ही सीमा खुली आहे. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात, ओळखपत्र बघतात आणि सोडतात. दोन्हीकडच्या गावांत सोयरीक आहे, देणंघेणं आहे, आणि याकाला रेघ माहीत नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. भारत-नेपाळमध्ये सीमेचे जे दोन मोठे वाद आहेत, कालापानीचा आणि सुस्ताचा, ते दोन्ही नदीवरून आहेत. एकात काली नदीचा उगम नेमका कोणता यावर एकमत नाही, दुसऱ्यात गंडक नदीने पात्रच बदललं. नदी हद्द म्हणून धरली की ती सरकते. शिरोळकडच्या मळीच्या जमिनीवाल्यांना विचारा, ते सांगतील. डोंगराची धार सरकत नाही, म्हणून कांचनजुंगावरून दोन्ही देशांत कधी तंटा झाला नाही. तुमच्या बांधावर पाणी कुठल्या बाजूला उतरतं ते एकदा बघून घ्या. कोर्टात चालेल का, ते वकिलाला विचारा.

मॅडम, कांचनजुंगावर पहिले चढलेले लोक माथ्यावर गेलेच नाहीत, चार पावलं आधी थांबले, असं वाचलं. मग ‘शिखर सर केलं’ कसं म्हणायचं? बॉल अख्खा लाइनीच्या आत गेल्याशिवाय गोल देत नाहीत.
— एक फुटबॉलवेडा, शिवाजी पेठ

पेठेतून गोललाइन सोडून दुसरा दाखला आला असता तर मला काळजी वाटली असती.

आधी काय घडलं ते सांगते. १९५५ ची ब्रिटिश मोहीम, नेते चार्ल्स इव्हान्स. हे दोन वर्षांपूर्वी एव्हरेस्टच्या मोहिमेतही होते. कांचनजुंगावर त्याआधी अनेकांनी हात पोळून घेतले होते. १९०५ मध्ये एक तुकडी यालुंगच्या बाजूने चढली, तिच्यातले चौघे हिमकड्याखाली गेले. १९२९ आणि १९३१ मध्ये पॉल बाउअरच्या जर्मन तुकड्या झेमूच्या बाजूने येऊन परतल्या. इव्हान्स यांनी नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीवरून जायचं ठरवलं. पण शिखर अर्धं सिक्कीमचं. सिक्कीमच्या लोकांसाठी हा डोंगर राखणदार देव आहे. दरवर्षी पांग ल्हाबसोल नावाच्या उत्सवात त्याची पूजा होते, मुखवटे घालून योद्ध्यांचे नाच होतात. तिथल्या राजाची, म्हणजे चोग्यालची, हरकत होती. इव्हान्स यांनी शब्द दिला की आमची माणसं माथ्यावर पाय ठेवणार नाहीत.

२५ मे १९५५ ला जॉर्ज बँड आणि जो ब्राउन वर पोहोचले. ब्राउन हा मँचेस्टरचा, प्लंबरचं काम शिकलेला गडी, खडकावर चढण्यात त्या काळी त्याच्या तोडीचा माणूस इंग्लंडात नव्हता. शेवटच्या टप्प्यात उभ्या खडकात एक भेग आहे. साडेआठ हजार मीटरच्या वर, प्राणवायूचं नळकांडं पाठीवर घेऊन, तो त्या भेगेतून चढला. वर आला तर समोर काही फुटांवर बर्फाचा सोपा उतार आणि माथा. चालत जायचं होतं फक्त. दोघे तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर आले, तेही थांबले.

तिथे पंच नव्हता, प्रेक्षक नव्हते, कॅमेरा त्यांच्याच हातात होता. दोन पावलं टाकली असती तर गंगटोकला कोण सांगायला जाणार होतं? तुमची गोललाइन माणसांनी चुन्याने आखलेली. ही रेघ त्यांनी स्वतः कबूल केलेली होती आणि ती माथ्याच्या अलीकडे होती. त्यांच्या कबुलीप्रमाणे गोल झाला. माझ्या हिशेबी चढाई पुरी.

आपल्या लष्कराची तुकडी कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सिक्कीमच्या बाजूने, ईशान्येच्या अवघड सोंडेवरून चढली. ३१ मे ला मेजर प्रेमचंद आणि नाईक एन. डी. शेर्पा वर पोहोचले. ही मंडळीही माथ्याच्या खाली थांबली. तोवर सिक्कीम भारतात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि आपल्याच देशातलं शिखर म्हणून मिरवायला मोकळीक होती. तरी ती थांबली, हे मला पहिल्या थांबण्यापेक्षा मोठं वाटतं. (हेच कर्नल कुमार पुढच्या वर्षी सियाचीनवर गेले. त्यांच्या त्या मोहिमांमुळे सियाचीनचं पुढे काय झालं, ते एका वेगळ्या लेखाचं काम आहे.)

पण सगळेच थांबतात असं समजू नका. हा रिवाज आहे, नेपाळच्या बाजूला त्याचा कायदा नाही. सिक्कीम सरकारने २००१ मध्ये आपल्या बाजूने पवित्र शिखरांवर चढायला बंदी घातली, म्हणून आज चढणारे नेपाळातून जातात. म्हणजे एकाच माथ्यावर एका बाजूने परवाना फी भरून जाता येतं आणि दुसऱ्या बाजूने मुळीच जाता येत नाही. शेजारच्या भूतानमध्ये तर २००३ पासून गिर्यारोहणच बंद आहे. भूतान-चीन सीमेवरचं गांगखर पुएनसुम, ७,५७० मीटर, आजही कुणी चढलेलं नाही. जगातल्या न चढलेल्या शिखरांत ते सर्वांत उंच. माथ्यावर झेंडा रोवून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

बाई, माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. दरवर्षी पन्हाळा-पावनखिंड पदभ्रमण करते. आपल्या कोल्हापूरच्या मुलीने एव्हरेस्ट केल्यापासून तिने एकच ध्यास घेतलाय. ‘एव्हरेस्टवर गर्दी असते, मी कांचनजुंगा करणार’ म्हणते. एका एजन्सीने पैशांचा आकडाही सांगितलाय. ह्यांचे चार यंत्रमाग आहेत, त्यातले दोन विकावे लागतील. काय करू?
— एक आई, इचलकरंजी

ताई, माग विकू नका. मुलीला थांबवूही नका.

कस्तुरी सावेकरने २०२२ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट गाठलं, तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा पेढे वाटले होते. त्याआधीचं प्रशिक्षण, सराव आणि लहान-मोठ्या मोहिमा मात्र कुणाच्या स्टेटसला नव्हत्या. पन्हाळा-पावनखिंड चालणं चांगलंच. जुलैच्या चिखलात आणि धुक्यात पाय तयार होतात. पण पन्हाळा हजार मीटरच्या आत आहे. कांचनजुंगाच्या माथ्यावर एका श्वासात इथल्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच प्राणवायू मिळतो. आठ हजार मीटरच्या वर शरीर सरावत नाही, नुसतं झिजत जातं. आणि या डोंगरावर गर्दी कमी आहे ती काही सोयीची गोष्ट नाही. अडकलं तर मदतीला येणारेही कमी. शेवटच्या छावणीपासून माथ्यापर्यंतची वाट लांबलचक, बंगालच्या उपसागराकडून येणारं हवामान लहरी. वांडा रुटकीएविच ही पोलंडची गिर्यारोहक. एव्हरेस्ट तर चढलेलीच, आणि के-टूवर पोहोचलेली जगातली पहिली स्त्री. ती १९९२ च्या मे महिन्यात कांचनजुंगावर वर जाताना दिसली, परत आली नाही. घाबरवायला सांगत नाही. तुमच्या मुलीला हे नाव माहीत असायला हवं, आणि नसेल तर एवढ्यात तिने त्या डोंगराचं नाव काढू नये.

तिच्यासाठी पहिली पायरी म्हणजे पायाभूत गिर्यारोहण प्रशिक्षण. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, तेनसिंग तिथे प्रशिक्षणप्रमुख होते. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. महिनाभराच्या आतबाहेरचा कोर्स असतो. सरकारी संस्था असल्याने फी एजन्सीच्या आकड्यापुढे किरकोळ वाटेल. बर्फावर चालणं, दोर, बर्फकुऱ्हाड, हिमभेगेतून माणूस काढणं, सगळं शिकवतात. दार्जिलिंगवाले त्यासाठी मुलांना पश्चिम सिक्कीममध्ये युकसोमच्या वर नेतात, म्हणजे तुमच्या मुलीला तिचा डोंगर शेजारूनच भेटेल. तिथे ‘ए’ श्रेणी मिळाली तर पुढचा प्रगत कोर्स. मग सहा हजार मीटरचं एखादं शिखर. मग सात हजारांचं. जागा लवकर भरतात, फॉर्म आजच मागवा आणि डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट केलं. मग ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू असं करत १५ मे २०१९ ला त्यांच्या दहा जणांनी कांचनजुंगा गाठलं. एवढी जुळलेली टीम, तिलाही सात वर्षं लागली. त्याच दिवसांत त्याच डोंगरावर बंगालचे दोन अनुभवी गिर्यारोहक दगावले.

जी एजन्सी पाया न विचारता थेट आठ हजारांचा आकडा सांगते, तिचा फोन उचलू नका. मुलीला म्हणावं, आधी श्रेणी आण. आणली की मला पत्र लिही, देणगीदार शोधायला मी तुझ्याबरोबर गुजरीत दुकान-दुकान फिरेन.

आम्ही दोघेही निवृत्त. गुडघे कुरकुरतात. चढायचं काही नाही, फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. कुठून बघावं?
— निवृत्त दांपत्य, गडहिंग्लज

दार्जिलिंग, किंवा सिक्कीममधलं पेलिंग. दोन्हीकडे हॉटेलच्या गच्चीवरून दिसतं, एक पायरीही चढावी लागत नाही. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर उत्तम. मे महिन्यात शाळांना सुट्टी म्हणून जाणारे निम्मे कोल्हापूरकर ढग बघून परत येतात आणि ‘तिथं काही नाही’ म्हणून सांगत फिरतात. पहाटे उठायचं, सूर्य वर यायच्या आधी. शेंड्याला आधी उजेड लागतो, मग तो खाली उतरत येतो. दहा वाजेपर्यंत बहुतेक वेळा पडदा पडतो. म्हणून एक मुक्काम पुरत नाही, तीन तरी ठेवा. टायगर हिलला पहाटे जीपगाड्यांची आणि कणसासारख्या दाटलेल्या माणसांची जत्रा असते. मी तरी पुन्हा जाणार नाही, पण तुमची हौस.

धीर असेल तर संदकफू. पश्चिम बंगालमधली सर्वांत उंच जागा, ३,६३६ मीटर, मानेभंज्यांगहून गाडी वरपर्यंत जाते. रस्ता कंबर मोडणारा आहे. वरून कांचनजुंगाची रांग आडव्या झोपलेल्या माणसासारखी दिसते, लोक तिला निद्रिस्त बुद्ध म्हणतात. पश्चिमेला नजर टाकली तर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. जगातल्या पहिल्या पाच शिखरांतली चार एका जागी उभं राहून दिसतात. पण एवढ्या उंचीवर पहिल्याच रात्री झोपू नका. आधी दोन दिवस दार्जिलिंगला काढा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगा, नुसतं ‘थंड हवेचं ठिकाण’ म्हणू नका. डोकं ठणकलं, मळमळलं, तर पहाट बघायची वाट न पाहता खाली उतरायचं. मतदार ओळखपत्र मूळ प्रत घेऊन जा, झेरॉक्स चालत नाही म्हणून तिथे तोंड पाडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

जाण्यासाठी न्यू जलपायगुडी स्टेशन किंवा बागडोगरा विमानतळ गाठायचा. कोल्हापूरहून रेल्वेने गेलात तर पुणे किंवा मुंबईला गाडी बदला. आणि तिथे जाऊन तांबडा-पांढरा शोधू नका. थुकपा, म्हणजे तिकडचं शेवयांचं सूप, ते खा, गरम असतं. ठेच्याची बाटली पिशवीत ठेवली तर मी कुणाला सांगणार नाही.

बाई, कांचनजुंगावर हिममानव राहतो हे खरं का? आमच्या वर्गात पैज लागली आहे.
— इयत्ता सातवी, पेठवडगाव

१९२५ मध्ये तोंबाझी नावाच्या एका छायाचित्रकाराने झेमू हिमनदीजवळ लांबून एक उभी चालणारी आकृती पाहिल्याचं सांगितलं. ती झुडपं उपटत होती, असं तो म्हणाला. तेव्हापासून या डोंगराला हिममानव चिकटला. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘हिममानवाचे’ म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी असे नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. हिमालयातलं काळं अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहू शकतं, हे लक्षात घे.

पैज कुणी जिंकली ते तुम्हीच ठरवा. हरलेल्याने काळ्या अस्वलावर निबंध लिहून पाठवावा. चांगला असला तर पुढच्या महिन्यात इथे छापू.